मला पुन्हा कुठे लावू नका

मी एक थकलेला गॅस गिझर आहे, मित्रांनो. सध्या भंगाराच्या दुकानात उताणा पडलो आहे. खरं तर बोलायचाही कंटाळा आला आहे, पण हे सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा माझी ऐट बघण्यासारखी होती. पांढराशुभ्र पत्रा, पोटात तांब्याची वळणावळणाची नळी आणि खाली बर्नर. तपासणाऱ्या बाईंनी माझी निळी ज्योत पाहून मान डोलावली होती. मग एका घरातल्या आजोबांनी मला हौसेने आणलं आणि बाथरूमच्या भिंतीवर टांगलं. येईल त्या पाहुण्याला ते आधी बाथरूममध्ये नेत आणि म्हणत, "नळ सोडायचा अवकाश, गरम पाणी हजर!" पाहुणा बिचारा चहाची वाट बघत माझं कौतुक ऐकायचा.

पुढे कौतुक ओसरलं आणि राबणं उरलं. सकाळ झाली की एकामागून एक सगळे हजर. सेल संपून मी पेटलो नाही, तर आधी माझ्या पाठीत धपाटा बसे आणि मग सेल बदलले जात. बर्नरमध्ये काजळी साचली, पण मला कुणी उघडून पाहिलं नाही. "चालतोय ना? मग कशाला हात लावायचा?" असं आजोबाच म्हणायचे.

एका थंडीत आजोबांच्या नातीला सर्दी झाली. बाथरूमच्या खिडकीतून गार वारा येतो म्हणून आजोबांनी तिच्या फटींत जुनी चादर गच्च कोंबली. मायेनेच कोंबली. पण मित्रांनो, मलाही श्वास लागतो! हवा मिळेना तशी माझी ज्योत पिवळी पडली आणि तिच्यातून विषारी वायू निघू लागला. त्याला ना रंग, ना वास. नात डोकं धरून बाहेर यायची. आजोबा म्हणायचे, "मोबाइलमध्ये डोकं घालून बसते, दुसरं काय!"

ती पोर आंघोळ करताना घसा ताणून गायची. एका सकाळी तिचं गाणं मध्येच थांबलं. पाणी वाहत होतं आणि मी जळत होतो. मला स्वतःला विझवता येत नव्हतं. त्या क्षणाइतका मी कधीच दमलो नव्हतो.

"झालं का गं?" तिच्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं. उत्तर नाही. ती धावत आली. "अगं, कडी काढ! ऐकतेस ना?" मग तिने सगळा जोर लावून दाराला खांद्याने धडक दिली. कडी निखळली. ओल्या पोरीला टॉवेलात गुंडाळून तिने ओढत गॅलरीत मोकळ्या हवेत नेलं. पोरीने डोळे उघडले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी गॅस गिझर आहे का?" पोर सुखरूप घरी आली, तरी दोष माझ्या ज्योतीचा आहे हे आजोबांना पटेना.

"गॅस गळला असता, तर वास नसता आला? उपाशीपोटी आंघोळीला गेली, घेरी आली."

सूनबाईंनी वाद घातला नाही. दार सताड उघडं ठेवून त्यांनी नळ सोडला.

"बाबा, ही ज्योत बघा. शेगडीची अशी पिवळी झाली, की माझी पातेली काळी होतात. इथे हे सगळं माझ्या लेकीच्या छातीत जात होतं."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. स्टुलावर चढून त्यांनी आपल्या हाताने चादर उपसून काढली आणि कितीतरी वेळ ती तशीच हातात धरून उभे राहिले.

माझ्या जागी विजेचा गिझर आला. गुबगुबीत गडी. बटण दाबलं की पाणी तापेपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवतो. मला त्याचा मुळीच हेवा वाटला नाही. माझी पाळी संपली, असं वाटून मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच मला उतरवणारा प्लंबर म्हणाला, "काका, हा चालू आहे की! पुसूनबिसून दुसऱ्या कुणाकडे लावून टाकतो."

पुन्हा एखादं कोंदट बाथरूम, पुन्हा कुणाची तरी पोर!

मित्रांनो, माझा कुणी भाऊबंद तुमच्या घरी असेल, तर त्याला बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत टांगायला सांगा. त्याला वेळेवर साफ करून घ्या. वाऱ्याची वाट कधी बुजवू नका, आणि ज्योत पिवळी दिसली तर लगेच मोठ्यांना हाक मारा. तुमच्यासाठी राबायला आमची ना नाही, पण आमच्याकडेही लक्ष असू द्या.

प्लंबरचं बोलणं ऐकून आजोबा आत गेले आणि हातोडी घेऊन आले.

"ज्यांच्याकडे लावशील, त्यांच्या घरीही लेकरं असतील," ते प्लंबरला म्हणाले आणि त्यांनी माझ्या बर्नरवर घाव घातला. तांब्याची नळी पार चेपली, तेव्हा ते माझ्या पत्र्यावर हात ठेवून पुटपुटले, "रागावू नकोस रे बाबा."

मी कशाला रागावेन? आता मला कुणीच पेटवू शकणार नाही.