तीन ताटं

चाहते म्हणजे काय चीज असते, हे स्वतः मालिका लिहिल्याशिवाय कळायचं नाही. आठ भाग मी लिहिले, त्यांनी ते चार-चारदा बघितले, आणि आता ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्यांत बसून मंडळी मलाच माझी मालिका समजावून सांगत होती. एकाला तपास अधिकाऱ्याच्या मिशा पटल्या नव्हत्या. एक निवृत्त मास्तर "माझा अगदी साधा प्रश्न आहे" म्हणून सुरू करायचे आणि थांबायचं नाव घ्यायचे नाहीत. वाहिनीवाल्यांनी बजावलं होतं, काहीही झालं तरी हसत राहा. गाल दुखेपर्यंत मी हसत होते.

पहिल्या रांगेत आई बसली होती. एरवी कुठे चल म्हटलं की तिचे गुडघे दुखायला लागतात, पण आज हट्ट धरून आली होती. मालिकेचा एकही भाग तिने चुकवला नव्हता आणि एकाही भागाबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती. मला त्याचा राग आला होता, का खोटं बोलू? मी ताईची गोष्ट लिहिली, आणि आईने "बरं केलंस" एवढंही म्हणू नये?

हो, ताईचीच गोष्ट. हे त्या सभागृहात फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मी पाचवीत असताना माझी थोरली बहीण एका संध्याकाळी टायपिंगच्या क्लासहून घरी आली नाही. पुढे ती कालव्यात सापडली. तिची सायकल मिळाली कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या दुकानात. पंक्चर काढायला ठेवून गेली, असं तो बिचारा घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होता. बिचारा हे मी आज म्हणतेय. तेव्हा आम्ही त्याला शिव्याच घातल्या. त्याला जन्मठेप झाली. मध्ये सुटायची वेळ आली, तर बाबांनी साहेबांचे उंबरठे झिजवून ती हाणून पाडली. बाबा आता नाहीत. तो अजून आतच आहे. मालिकेत मी नावं बदलली, बाकी सगळं तसंच ठेवलं. खुनीसुद्धा तोच, सायकलवाला.

तर एक दातांची डॉक्टर उठली. ही बाई मघापासून हात वर करून बसली होती. केस कापलेले, हातात मोबाइल, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता बघा कशी जिरवते.

"मॅडम, सायकलवाला खुनी नाहीच," ती म्हणाली. "तुम्ही आम्हाला वेड्यात काढलंत. पण मी तुम्हाला पकडलंय!"

लोक हसले. मीही हसले.

"दुसरा भाग. संध्याकाळ आहे, मुलगी क्लासला गेलीय, यायला उशीर होतो तिला, रोजचंच आहे. ती हरवलीय हे अजून कुणाला ठाऊक नाही. आणि आई जेवणाची ताटं मांडते." तिने तीन बोटं वर केली. "किती? तीन! घरात माणसं चार. मग चौथं ताट कुठाय?"

सभागृहात कुजबुज झाली. मास्तर म्हणाले, "अरेच्चा!"

"रोज चार ताटं मांडणारी बाई आज तीनच मांडते, म्हणजे तिला ठाऊक आहे, मुलगी येणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "आणि ठाऊक असून ती गप्प आहे. कुणासाठी गप्प बसेल ती? नवऱ्यासाठी! बापानेच मारलं. काय मॅडम, बरोबर ना?"

टाळ्या पडल्या. मी माइक तोंडाशी नेला. "ती चूक आहे," मी म्हणाले. "नेपथ्यवाल्यांची चूक."

"चूक? तुमच्याकडून? उगाच काहीतरी!"

चूक नव्हतीच ती. नेपथ्य लावणारा पोरगा मला सारखा फोन करून डोकं खायचा. मॅडम, पडदे कुठले? मॅडम, पाण्याची कळशी कुठे? मी दुसरं काम करता करता डोळ्यांपुढे आमचं घर आणायचे आणि सांगून टाकायचे. ताटं किती, असं त्याने विचारलं तेव्हा मी भाजी चिरत होते. तीन, म्हणाले. बाबांचं, आईचं, माझं. त्या संध्याकाळी शेजारून खेळून आले तेव्हा तीनच होती. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की तीनच का.

मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

पुढे कोण काय बोललं, देव जाणे. आभार झाले, फोटो झाले, मंडळी बोलत बोलत जिना उतरायला लागली. शिपाई खुर्च्या एकात एक अडकवू लागला. आई मात्र जागची हलली नव्हती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आई, तीन का गं मांडलीस?"

"मी चारच काढली होती," ती म्हणाली. "सवयीने. ते म्हणाले, एक ठेव आत. मी ठेवलं."

"म्हणजे ताई घरी आली होती?"

"चालत आली. सायकल पंक्चर, म्हणून आणखी उशीर. ह्यांना वाटलं, खोटं बोलतेय. एक थोबाडीत मारली. जिन्यावर उभी होती रे देवा ती, जिन्यावर!" आईने पदर तोंडात कोंबला. मग काढला. "तू शेजारी खेळत होतीस. अंधार पडल्यावर ते तिला घेऊन गेले."

"आणि तू सायकलवाल्याला तुरुंगात जाऊ दिलंस? आई! माणूस आहे तो!" माझा आवाज इतका चढला की शिपाई वळून बघायला लागला. तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटत होतं.

"ते होते तोवर तोंड उघडायची छाती झाली नाही. ते गेल्यावर लाज वाटली, आता कुठल्या तोंडाने सांगू." तिने पदर सारखा केला. "तुझी मालिका लागली. दुसऱ्या भागात ताटं दिसली आणि मला धस्स झालं. म्हटलं, हिला आठवतंय. आता हीच सांगणार, मी सुटले. मग दर आठवड्याला वाट बघत बसले गं. आणि शेवटी तूसुद्धा त्यालाच पकडून दिलंस."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

तेवढ्यात डॉक्टरीण धापा टाकत परत आली. छत्री विसरली होती. छत्री उचलली, पण जाईना. "काकू, तुम्ही तरी सांगा! मॅडम कबूलच करत नाहीत. मी बरोबर ओळखलं की नाही?"

आईने मान वर केली. "बरोबर ओळखलंत, बाई," ती म्हणाली. "बापाने मारलं तिला. आई गप्प बसली."

"बघा! मी म्हणत होते ना!" ती अक्षरशः उडी मारून जिन्याकडे धावली. "अहो मास्तर, ऐकलंत का? खुद्द लेखिकेच्या आईने सांगितलं! बापच!" खालून हसणं आणि टाळ्या ऐकू आल्या.

मी आईचा दंड धरला. "आता हेच पोलीस ठाण्यात सांगायचं."

ती उठता उठता थांबली. "तो जिवंत आहे ना गं अजून?"

"आहे."

"मग चल," ती म्हणाली आणि पायाने चपला चाचपायला लागली.