उताराकडची खिडकी

आमच्या घराचे फोटो काढायला माणसं लांबून यायची. रस्त्यापलीकडे उभी राहायची, मान वाकडी करायची आणि हसायची. काही शहाणे तर दोन्ही हात पुढे करून उभे राहायचे, जणू त्यांनीच घर पडता पडता धरलंय. मी खिडकीतून ओरडायचे, "नीट धरा हं, सोडू नका. माझं सूप चुलीवर आहे." माझा नवरा गिंटर आतून विचारायचा, "आज कुठली मंडळी गं?" मी म्हणायचे, "कुठली का असेनात, सरळ घरात राहतात बिचारी."

पोलंडच्या कोळसापट्ट्यातल्या आमच्या बितोममध्ये वाकडं घर म्हणजे नवलाची गोष्ट नाही. खाली कोळशाची खाण. कोळसा काढला की वरची जमीन बसते आणि जमिनीबरोबर घर. आमची लाल विटांची इमारत अशीच पश्चिमेला कलली. त्यातला बराच कोळसा गिंटरनंच काढलेला. "स्वतःच्या बुडाखालची जमीन पोखरून पगार आणलास," असं मी त्याला चिडवायचे. तो म्हणायचा, "आणि तू त्या पगाराचे रविवारी मांसाचे रोलाडे केलेस. मीच एकटा पापी कसा?"

वाकड्यात राहायचं म्हणजे सगळंच वाकडं करून घ्यावं लागतं. टेबलाचे दोन पाय कापून आखूड केले. कपाटाखाली विटा घातल्या. दारं तिरकी तासून घेतली. सूप ताटलीत काठोकाठ वाढायचं नाही, एवढं तर आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. खाणकामगारांना सांभाळणाऱ्या संत बार्बराची तसबीर आम्ही भिंतीच्या कलाने टांगलेली. नवा पाहुणा आला की हमखास ती सरळ करायला जायचा, आणि मी त्याच्या हातावर चापट मारायचे. माझी बहीण आमच्याकडे आली की तिला चक्कर यायची. तिच्याकडे गेलं की मला. पण एकदा सवय झाली ना, की त्या वाकडेपणाचा लळा लागतो. हे मी उगाच म्हणत नाही. त्या वाकडेपणानं मला माझा नवरा परत दिला होता.

खाणीत वायूचा भडका उडाला आणि गिंटरचे दोन्ही डोळे गेले. त्या वेळी घर अजून बऱ्यापैकी सरळ होतं. एवढा दांडगा माणूस, पण चुलीपासून खिडकीपर्यंत जायचं तरी माझा हात लागायचा. संडासला जायचं तरी माझा हात. तो हाक मारायचा नाही, नुसता बसून राहायचा. मीच ओळखून जायचे. तो बोलेनासा झाला होता, आणि एकदा मला म्हणाला, "त्या भडक्यात संपलो असतो तर बरं झालं असतं." मी त्याला वाट्टेल ते बोलले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पुढे घर कलत गेलं. सगळे शेजारी खाणीला शिव्या घालत होते, आणि इकडे गिंटर एके दिवशी उठला आणि कोणाचाही हात न धरता खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी बघतच राहिले. "अगं, सोपं आहे," तो म्हणाला. "उतार म्हणजे खिडकी, चढ म्हणजे चूल. डाव्या पायाला खोल लागलं की पलंग मागे. पायच सांगतात." त्यानंतर तीस वर्षं त्यानं घरात कोणाचा हात धरला नाही. पाव कापायचा, कोळसा घालायचा, मला कॉफी करून द्यायचा. गोळी पडो, बटण पडो, नाणं पडो, घरंगळत खिडकीच्या कोपऱ्यातच जायचं. तो वाकून बरोबर उचलायचा. माझ्या हरवलेल्या सुया मला तोच शोधून द्यायचा.

आणि मग घर सरळ करायचं ठरलं.

खाणीचा इंजिनियर आला. माणूस वाईट नव्हता. भिंती तळाशी कापायच्या, खाली जॅक लावायचे आणि रोज थोडं थोडं घर उचलायचं, माणसांनी आतच राहायचं. सगळ्यांनी सह्या केल्या. मी केली नाही.

"बाई, सरळ घराला नाही म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला.

"मग नीट बघून घ्या," मी म्हणाले. "माझा नवरा ह्या उतारावर चालतो. तुम्ही उतार काढलात तर तो बसला. कायमचा बसला. कळतंय का तुम्हाला?"

त्याला कळत होतं. पण तो मला खाली, तळमजल्यावर हिल्दाकडे घेऊन गेला. हिल्दाला तान्हं बाळ होतं. घराच्या कलामुळे सांडपाणी उलटं तिच्या मोरीतून वर यायचं, धुराडं धूर ओढायचं नाही, खोलीत धूर कोंडायचा. बाळ खोकत होतं. हिल्दा माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "ट्रूडामावशी, तूच सांग मी काय करू." मी काय सांगणार, कपाळ? मी वर आले आणि सही केली.

घर उचलायला लागले. पहिले काही दिवस गिंटर हसत होता. "जहाजावर असल्यासारखं वाटतंय," म्हणायचा. मग एकदा चुलीकडे म्हणून निघाला आणि कपाटावर आपटला. मग खिडकी समजून दाराशी गेला. रोज सकाळी जमीन वेगळी. कप पडला, तो कुठे गेला ते त्याला सापडेना. गुडघ्यांवर बसून तो सगळी फरशी चाचपत होता, आणि मी दारात उभी होते. घर पूर्ण सरळ झालं त्या दिवशी शेजाऱ्यांनी केक वाटला. आमचं टेबल आता एकीकडे झुकलं होतं, एकही दार लागत नव्हतं, आणि गिंटर पलंगावर बसला होता. विचारलं तर म्हणाला, "कुठे जायचंय मला?"

मी हट्टाला पेटले. गेलेला उतार परत आणायचा. गिंटरचा जुना दोस्त आखिम खाणीत लाकडी टेकू द्यायचं काम करायचा. त्याला गाठलं. म्हटलं, "आमच्या खोलीत लाकडाची तिरकी जमीन घालून दे. होती तशी. चुलीकडे उंच, खिडकीकडे खाली."

आखिम हसला नाही. "इंजिनियरनं सरळ केलेलं घर मी वाकडं करायचं?" एवढंच म्हणाला, आणि माप घ्यायला लागला.

गिंटरला सगळं सांगितलं. तो खुलला. कित्येक दिवसांनी त्यानं बियर मागितली. ठोकाठोकी चालू होती तोवर त्याला बहिणीकडे ठेवलं, तर रोज फोन करायचा. "आखिमला सांग, पलंगापाशी उतार जरा जास्त होता. विसरेल तो गाढव."

काम झालं. मी टेबलाखाली संगमरवरी गोटी सोडून बघितली, बरोबर खिडकीच्या कोपऱ्यात गेली. मला वेड लागायचं बाकी होतं आनंदानं. गिंटरला आणलं. उंबऱ्यात त्यानं माझा हात सोडला, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. पायाला उतार लागला तसा त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तिसऱ्या पावलाला तो थांबला.

त्यानं टाच आपटली. पुन्हा आपटली.

मी आखिमकडे बघितलं. त्याच्या तोंडाचा रंगच उडाला होता. "पोकळ," तो हळूच म्हणाला. "ट्रूडा, माझ्या डोक्यातच आलं नाही गं."

खाणीत खालचा माणूस आवाजावर जगतो. काठीनं छत, जमीन ठोकून बघायचं. भरीव वाजलं तर काम करायचं, पोकळ वाजलं तर कोसळणार, हातातलं टाकून पळायचं. गिंटरनं आयुष्यभर तेच केलेलं. फळ्यांखाली वीतभर हवा होती, आणि प्रत्येक पावलाला ती वाजत होती.

"गिंटर, लाकूड आहे ते," मी म्हणाले. "खाली आपलीच फरशी आहे, वीतभर खाली."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "पायांना कोण सांगणार?"

तरी तो चालला. मला बरं वाटावं म्हणून खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. "छान केलंय रे आखिम," म्हणाला. पाठीवर शर्ट घामानं चिकटला होता, ओठ पांढरे पडले होते. आखिमनं दुसऱ्या दिवशी फळ्या उचकटून खाली जुने गालिचे कोंबले, चिंध्या कोंबल्या. वाळू भरावी म्हटलं, तर खाली लाकडी छत आणि छताखाली हिल्दाचं बाळ, एवढं वजन टाकायचं कुठे? चिंध्यांनी आवाज दबला, गेला नाही. आम्हाला ऐकू येत नव्हता. त्याला येत होता. आठवडाभर त्यानं प्रयत्न केला. मग एका सकाळी खोलीच्या मध्यावर त्याचा एक पाय उचललेलाच राहिला, खाली टेकवेना. तो तसाच उभा राहून म्हणाला, "ट्रूडा, हात दे."

मी दिला. खुर्चीपर्यंत नेलं.

फळ्या काढल्या. हिल्दाचं बाळ आता खोकत नाही, गुटगुटीत झालंय, आणि मी त्याला मांडीवर घेते तेव्हा मला त्याचा राग येत नाही. पण घराचा येतो. इतका येतो की त्या सरळ भिंतींवर डोकं आपटावंसं वाटतं. फोटो काढायला आता कोणी येत नाही. कशाला येतील?

मी बाहेर फार जात नाही. गेले की तो खुर्चीत बसून राहतो, मी येईपर्यंत. काल दवाखान्यात गर्दी होती, परत यायला संध्याकाळ झाली. खोलीत काळोख होता. मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात तो खुर्चीतूनच म्हणाला, "ट्रूडा, दिवा लावू नकोस."

मला वास आला होता. मी दिवा लावला नाही. चाचपडत कपाटातून कोरडी विजार काढली आणि अंधारातच त्याचे कपडे बदलले.