तोंडातली ठेव

ओसरीवर दोघे भाऊ भांडत होते ते बापाच्या दातांवरून, आणि बाप आत खाटेवर जिवंत होता.

"डावीकडचे दोन माझे," थोरला म्हणाला. "त्या दोन्ही साली नांगरामागं मी होतो. तू पारावर पत्ते कुटत होतास."

धाकटी सून आत म्हाताऱ्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे तिनं पाहिले होते. ह्यांना तर मढं होईपर्यंतही दम नव्हता.

म्हाताऱ्याचा ना पेटीवर विश्वास, ना बँकेवर. पेटी फुटते, बँक बुडते, उसनं मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. तोंडातलं कोण मागणार, असं त्याचं गणित. सुगी साधली की शहरात जाऊन एका दाताला सोनं मढवून यायचा. गाव त्याला सोनदात्या म्हणायचं. लोकांना दात असतात तर चणे नसतात. ह्याच्याकडे दोन्ही होतं, पण सोनं झिजेल म्हणून चणे खायचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात जमीन हात जाईल अशी भेगाळली, चारा संपला, तेव्हा धाकटीनं माहेरून आणलेली म्हैस विकली. लेकीला नर्सिंगला घालायचं होतं. नवऱ्याच्या हाती पैसा टिकत नाही म्हणून तो तिनं सासऱ्याकडे ठेवायला दिला, आणि म्हातारा उजवीकडची दाढ मढवून आला. "ही नातीची," म्हणाला. तिनं कपाळावर हात मारून घेतला. आता प्रवेशाचे दिवस आले होते आणि लेकीचं शिक्षण म्हाताऱ्याच्या जबड्यात अडकलं होतं.

थोरल्याच्या खिशात पक्कड होती. म्हाताऱ्यानं जांभई दिली की तो वाकून बघे. जीव गेला की जबडा आखडतो, मग फोडावा लागतो, हे त्यानं कुठून तरी ऐकलं होतं आणि जेवता जेवता बायकोला समजावून सांगत होता. ती निवांत घास चावत होती.

पण धाकटीला खरी किळस आली ती स्वतःच्या नवऱ्याची. दबक्या पावलांनी आत येऊन तो म्हणाला, "आपली उजवीकडचीच ना गं? खात्री करून ठेव."

"आधी चूळ भरून या," ती म्हणाली. "मामंजींच्या तोंडाला नाही एवढा वास तुमच्या तोंडाला येतोय."

तो गेल्यावर म्हाताऱ्यानं बोटानं तिला जवळ बोलावलं. सगळं ऐकलं होतं त्यानं.

"हलतीय ती. काढून घे."

"मामंजी, अहो, तुम्ही जिवंत आहात."

"म्हणून तर सांगतोय. मेल्यावर माझं कोण ऐकणार?"

तिनं मान फिरवून बोटं आत घातली. लाळ, फाटलेलं दूध, कोमट श्वास. दाढ पिकल्या फळासारखी सुटली. ओकारी येईल असं तिला वाटलं होतं, आली नाही. मूठ आधी मिटली, डोळे नंतर भरले. त्या मुठीची शिसारी तिला पुढं कितीतरी दिवस पुरली.

संध्याकाळी थोरल्यानं बॅटरी मारली आणि खिंडार बघून बोंब ठोकली. म्हातारा शांतपणे म्हणाला, "गिळली रे. दुधाबरोबर गेली."

म्हातारा अंथरुणाला खिळल्यापासून त्याच्या शौचाच्या भांड्याला मुलांपैकी कुणी बोट लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना धाकटी लेकीला घेऊन शहराच्या गाडीला निघाली, तर परसात दोघे भाऊ त्याच भांड्याची एकेक कड धरून उभे होते. थोरला म्हणत होता, मान माझा. धाकटा सोडत नव्हता. मायलेकी शेजारून गेल्या, तरी कुणी मान वर केली नाही.

"भांडू नका रे पोरांनो," आतून म्हातारा म्हणाला. "पाळी लावून घ्या. उद्याही आहे."