गाडीतलं पुस्तक

चढावर तिने गाडी पुन्हा बंद पाडली, तेव्हा मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काढायचंच सोडून दिलं. शेजारी बसलेल्या नवऱ्याने मात्र मांडीवरच्या पुस्तकातून मान वर केली नाही.

“क्लच हळू सोड,” तो म्हणाला. “आणि ऐक. ‘तेवढ्यात हवालदार आत आला.’”

त्यांच्या प्रवासाचा एक कायदा होता. त्याने गाडी चालवायची, तिने पुस्तक वाचून दाखवायचं. रहस्यकथांमधले कितीतरी खून दोघांनी असे वाटेत उलगडले होते. यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं आणि साठी उलटलेल्या तिने रडतकढत ती शिकून घेतली. वाचायचं काम मग त्याच्याकडे आलं. “लांबचं तेवढं दिसत नाही, जवळचं ठणठणीत आहे,” असं तो सगळ्यांना ठणकावून सांगे. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. जवळचंही गेलं म्हटलं असतं तर मुलीने त्याच दिवशी दुकानाला कुलूप घातलं असतं. आणि दुकानाशिवाय तो दोन दिवससुद्धा धड राहिला नसता, हे बायकोला पक्कं ठाऊक होतं.

कथा जरा विचित्रच होती. खुनाचा पंचनामा सोडून हवालदार व्हायोलिनवर बोलत सुटला. व्हायोलिनपुढे बाकीची वाद्यं म्हणजे नुसता आरडाओरडा, हे त्याचं मत नवऱ्याच्या मताशी तंतोतंत जुळत होतं. मग संशयित पळाला आणि नेमका त्या समुद्रकाठच्या लॉजमध्ये उतरला, जिथे लग्नानंतर हे दोघं उतरले होते. खोलीतला नळही तसाच गळका होता.

“लेखक तिथे राहून आलाय की काय हो?”

“लेखक लोक फार फिरतात,” असं म्हणून त्याने पान उलटलं.

वळणापलीकडे बोगदा लागला. आतले दिवे गेलेले होते. तिने गाडीचे दिवे लावले. समोर रस्ता उजळला, पण गाडीत डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना.

त्याचं वाचन चालूच होतं. संशयिताने नळाला फडकं गुंडाळलं, मॅनेजरशी कडाक्याचं भांडण केलं. तिने पुस्तकाकडे पाहिलं; पानही दिसत नव्हतं. गेले कित्येक दिवस तो एकच घड्याळ पुढे घेऊन का बसतोय, ते तिला आत्ता कळलं. रडू आलं, पण रस्ता दिसायला हवा होता.

एका वाक्याच्या मध्येच तो थांबला. पुस्तक मिटल्याचा आवाज आला. बोगदा काही संपेना.

“थांबलात का?” तिने विचारलं.

“अंधार आहे गं,” तो पुटपुटला.

“तुम्ही कधीपासून अंधाराला भ्यायला लागलात? वाचा.”

पुस्तक पुन्हा उघडल्याचा आवाज आला. मग त्याने घसा खाकरला.

“हवालदाराला एक बायको होती,” तो म्हणाला. “गाडी भयंकर चालवायची. पण तिच्या शेजारी बसायला हवालदार कधी घाबरला नाही.”