सात गुलाबांचं रान

धाकट्याचा फायदा उघड होता. घरामागची पंधरा बाय आठची जागा मोकळी झाली की नवी गाडी स्वयंपाकघराच्या दारापासून चार पावलांवर उभी राहणार. शिवाय थोरला भाऊ गेल्यावर वहिनीला सांभाळलं, हे नाव वरकड. अडचण एकच. त्या जागेत थोरल्याने लावलेले सात गुलाब होते, आणि तो गेल्यापासून वहिनींनी तिथलं पानसुद्धा कुणाला तोडू दिलं नव्हतं.

म्हणून त्याने वहिनींचं नाव ध्यानाच्या वर्गात घातलं. रोज सकाळी दहा ते अकरा.

"मन शांत होईल, वहिनी. बदल स्वीकारायला शिकवतात तिथे."

सात झाडं उपटायला एक तास पुरतो, हे त्याने सांगितलं नाही.

वहिनी गेल्या. चार दिवसांनी वर्गाच्या बाई म्हणाल्या, आता उद्यापासून घरीच बसा, जिथे बरं वाटतं तिथे. धाकट्याने बोलावलेला, चार दिवस 'उद्या येतो' म्हणणारा फरशीवाला पाचव्या दिवशी फावडं घेऊन मागच्या दाराने आला, तर गुलाबांच्या मधोमध वहिनी मांडी घालून, डोळे मिटून बसलेल्या.

"साहेब, ध्यानाला बसलेल्या माणसाभोवती मी फावडं नाही मारत," तो म्हणाला आणि पायरीवर टेकला.

धाकटा वाकला. "वहिनी, जरा उठता का?"

"श्वास मोजतेय, भाऊजी. एकोणीसवर होते. आता परत एकपासून."

त्याने धीर धरला. धीर हा त्याचा प्रांत नव्हे. "वहिनी, किती वेळ?"

"अकरावर आले होते. परत एक."

त्याची बायको खिडकीतून सगळं बघत होती. "शिकायला तुम्हीच धाडलंत ना?" ती म्हणाली. "आता जाऊबाई पहिल्या नंबराने पास झाल्या, तर तोंड का पाडताय?"

फरशीवाला दुपारपर्यंत बसला आणि दिवसाची मजुरी घेऊन गेला. बसण्याचे पैसे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाले असावेत.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने माळी आणला. तो म्हातारा, खोटं बोलायची सवय नसलेला. झाडं वाळल्याचा धाकट्याला संशय होता, आणि ते वहिनींना पटावं म्हणून त्याला नेमका तसाच माणूस हवा होता. माळ्याने उकिडवं बसून एकेक झाड बुडाशी चाचपलं.

"बाई, ही गाठ दिसते? इथे रानटी खुंटावर गुलाबाचा डोळा भरून कलम केलं होतं. गाठीच्या वरचं सगळं वाळलंय. हिरवं दिसतंय ते खालच्या रानटी खुंटाचं. असे फुटवे वेळच्या वेळी कापायचे असतात, नाहीतर ते वरच्याचं सगळं खाऊन टाकतात. कुणी कात्री लावली नाही का?"

"मीच लावू दिली नाही," वहिनी म्हणाल्या.

"सातही गेलेत. चार महिने तरी झाले असतील."

धाकट्याचा आवाज एकदम मऊ झाला. काम फत्ते झालं की त्याचा आवाज असाच होतो. "दादाचं इथे काहीच उरलं नाही, वहिनी. आता तरी स्वीकारा."

वहिनींनी एका वाळक्या फांदीला हात लावला. ती कट्कन मोडून हातात आली.

"माळीबुवा, हे रानटी तरी मरेल का?"

"हे? मारून दमाल."

"याच्या काड्या लावल्या तर?"

"दहातल्या आठ लागतील. काटे मात्र मांजरालाही आत येऊ द्यायचे नाहीत."

वहिनी आत गेल्या आणि नवऱ्याची कात्री घेऊन आल्या. सातही झाडांचं वाळकं लाकूड स्वतः कापलं, एका कोपऱ्यात रचलं. मग हिरव्या फुटव्यांच्या वीतवीत काड्या केल्या आणि गाडी जिथून आत यायची, बरोबर त्या रेषेवर रोवायला बसल्या.

"वहिनी, हे काय?"

"ह्यांचे गुलाब गेले, भाऊजी. ते मी स्वीकारलं. जागा गेली असं माळीबुवा म्हणाले नाहीत." त्यांनी पुढची काडी रोवली. "सरका जरा. तुमचा पाय ओळीत येतोय."

वर्ष झालं. कुंपण छातीला लागतं. आत भोपळे, मिरच्या आणि सकाळी दहा ते अकरा वहिनी. त्या वेळेत त्यांना कुणी हाक मारत नाही, धाकटा तर नाहीच.

आता कुणी किती भरलं ते पाहू. धाकट्याने ध्यानाची फी, फरशीवाल्याचा एक दिवस आणि माळ्याची एक फेरी भरली. वर रोजची तीनशे पावलं, गाडी गल्लीच्या टोकाला असते. वहिनींनी सात गुलाब भरले, तेही आपल्याच मायेने मारलेले. मोठा आकडा त्यांचाच. तो त्यांनी एकरकमी भरला, आणि सूट कुणाकडे मागितली नाही.