दुमडीतली नाणी

सगळ्यात लहान नाणं बंद होणार अशी बातमी आली आणि लोकांना उमाळेच फुटले. कालपरवापर्यंत रस्त्यात पडलेलं ते नाणं उचलायला कोणी वाकत नव्हतं, दुकानदार ते पाहून नाक मुरडायचे. आता मात्र जो तो गळा काढू लागला, "गेलं हो आपलं बालपण!" असतं एकेकाचं प्रेम असं, माणूस गेल्यावर जागं होणारं.

पडदेवाल्या मावशींना ते नाणं रोज लागायचं. पडदा सरळ पडावा, वाऱ्याने उडू नये म्हणून खालच्या दुमडीत त्या जागोजागी एकेक नाणं शिवून टाकत. आता काचबिंदूने डोळे गेले होते, मशीनही विकून झालं होतं. शेवटची जोडी त्यांनी लेकीसाठी शिवली होती, निम्मी दिसत असताना आणि निम्मी चाचपडत. लेकीकडे गेलं की खिडकीपाशी बसायचं आणि ती दुमड बोटांनी चाचपत राहायचं, एवढंच सुख उरलं होतं. कुठला टाका वाकडा गेलाय, तेही बोटांना पाठ होतं.

एक दिवस शेजारचा शिंपी हसत म्हणाला, "मावशी, तुमच्या गिऱ्हाइकांनी पडदे उसवायला काढलेत! आठवण म्हणून नाणी हवीत सगळ्यांना."

"उसवू देत. पडदे त्यांचे आहेत."

म्हणाल्या खऱ्या, पण लेकीकडचे पडदे आठवले. लेकीला फोन करावा का? मग स्वतःवरच चिडल्या. पोटच्या पोरीला हेही सांगावं लागतं का? आणि फोन केलाच नाही. मानी बाई, तिथेच घात झाला.

रविवारी लेक त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. खुर्चीत बसवून म्हणाली, "आई, डोळे मीट!" लगेच जीभ चावली. "म्हणजे... हात पुढे कर."

हातांत जडशी चौकट आली. बोटांखाली गार, गुळगुळीत काच.

"आपल्या पडद्यातली नाणी! मखमलीवर बसवून घेतली. खाली तुझं नाव लिहिलंय. जो येतो तो विचारतो गं."

"आणि पडदे?"

"ते केव्हाचे विटले होते. फाडून लादी पुसायला घेतले. सुती कापड ना, पाणी मस्त शोषतं."

मावशींनी काचेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. शिवण नाही, टाका नाही, हाताला काहीच लागेना. डोळ्यांना तर नाणी दिसणारच नव्हती, आता बोटंही त्यांना पारखी झाली. शेवटचं काम गेलं होतं आणि दुसरं आता होणार नव्हतं. त्यांचे डोळे घळाघळा वाहू लागले.

लेक हरखून नवऱ्याला म्हणाली, "बघा, म्हटलं नव्हतं तुम्हाला? आईला रडूच येणार!"

जावयांनी फोन काढला. "चौकट जरा वर धरा, आई. आणि हसा की!"

मावशींनी चौकट वर धरली, आणि आवाजाच्या दिशेने तोंड करून त्या हसल्या.