नुसतं शेजारी बसणं

सकाळचे साडेनऊ झाले तरी हर्षल एका पायात मोजा घालून पलंगावर बसून होता. दुसरा मोजा हातात. तासभर तसाच. वय एकोणतीस. अशा मुलाला आपण सगळे जे म्हणतो तेच त्याची आई, रजनीताई, म्हणत होत्या: ऊठ, लॅपटॉप उघड, लहान आहेस का आता!

जिन्यात कोणी "भाभी, बेटा आजकल घर पे ही है?" असं विचारलं की त्या पिशवी सावरत "वर्क फ्रॉम होम" म्हणायच्या. खरं तर सहा वर्षांत चार नोकऱ्या गेल्या होत्या. पाचवी, एम. पी. नगरातल्या नकाशे करणाऱ्या ऑफिसातली, आज जाणार होती. घरून का होईना, पाणीपुरवठ्याचे पाच नकाशे सोमवारी चारपर्यंत पाठवा, नाहीतर पुन्हा येऊ नका, असं पत्रच आलं होतं. आणि आज सोमवार.

हर्षलला ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही आहेत, जन्मापासूनच, असं गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं होतं. "एका मनाला सगळं ठरल्याप्रमाणे हवं असतं," हर्षलने तेव्हा समजावलं होतं, "आणि दुसरं मन ठरलेलं काही टिकूच देत नाही." रजनीताई ऐकून रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'ऊठ' म्हणाल्या.

डॉक्टरांनीच मग साकेत नगरच्या शशिकलाताईंचं नाव दिलं. अशा मोठ्या माणसांना दिवसाची घडी बसवायला मदत करणाऱ्या त्या कोच. रजनीताईंना वाटलं, कडक बाई असतील. पण त्या दहाला यायच्या, आज पहिलं काय करायचं एवढं हर्षलला विचारायच्या, आणि खुर्चीत विणकाम घेऊन दीड तास गप्प बसायच्या. तीन आठवडे हेच. शेवटी काल रजनीताईंनी फोन करून सांगितलं, आता येऊ नका, गप्प बसायला आम्ही आहोत.

ते हर्षलला त्यांनी आत्ता सांगितलं.

मोजा खाली पडला. तो टेबलाखाली शिरला, कान दाबून धरले आणि कपाळ भिंतीवर आपटू लागला. रजनीताईंनी मध्ये आपला तळहात घातला.

"मी मुद्दाम नाही करत गं," तो म्हणाला. "मला सुरूच करता येत नाही. मला माझाच कंटाळा आलाय, आई."

तो थांबल्यावर त्यांनी फोन लावला. शशिकलाताई दुसऱ्या एकाकडे होत्या, संध्याकाळपर्यंत निघता येणार नव्हतं.

"तुम्ही बसा ना," त्या म्हणाल्या.

"मी इतकी वर्षं त्याच्या मागेच तर आहे."

"मागे आहात हो. आज शेजारी बसा. काही विचारू नका, घड्याळ दाखवू नका. त्याला इच्छा आहे, अक्कल आहे. सुरुवात तेवढी एकट्याने होत नाही, सोबत शांत माणूस असलं की होते. चष्मा लागलेल्याला आपण डोळे फाडून बघ म्हणतो का?"

रजनीताई फॉल लावायची साडी घेऊन टेबलाशेजारी जमिनीवर बसल्या. दहा मिनिटं. अर्धा तास. 'ऊठ' पाच वेळा ओठांवर आलं, पाच वेळा गिळलं. नाक पुसायलाही त्यांना भीती वाटत होती. पावणेबाराला हर्षल टेबलाखालून बाहेर आला आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "फाइल उघडतो."

शाब्बास म्हणायचा मोह त्यांनी टाळला.

चारपर्यंत दोनच नकाशे झाले. एरवी अशा वेळी तो फोन बंद करून टाकायचा. आज त्याने ते दोन पाठवले, आणि उरलेल्यांना का वेळ लागतोय, हे स्वतः लिहिलं. उत्तर आलं: "बुधवार तक. उसके बाद नहीं."

नोकरी राहील की नाही, ते बुधवारी ठरेल.

"उद्या दहाला?" त्याने विचारलं.

"ताईंची माफी मागून बोलावते. आणि त्यांना जमलं नाही तर मी बसेन."

"बोलायचं नाही पण."

"नाही बोलणार."

एकोणतीस वर्षं ज्याला आळस म्हटलं तो आळस नव्हताच! आपल्याही घरात, ऑफिसात असा कोणी असेल. मोठा झाला म्हणून त्याला एकटं सोडू नका. मोठ्या वयात सोबत मागण्यात कमीपणा नाही. आणि ती देणाऱ्याला फार काही यावं लागत नाही, फक्त आपली जीभ आवरावी लागते.